पडलेच नाहीत

दिवाळीला बहीण माहेरी आली होती, सोबत तिची सात वर्षांची लेक. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळं घर पेंगुळलेलं असताना, ती चिवड्याची वाटी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, काहीतरी हसायचं लाव ना." मी फोनवर जाड्या-रड्या लावून दिले. आधी तो जिन्यावरून पियानो चढवायचा प्रकार. खोक्यातला पियानो एकेक पायरी ठोकत, आतल्या आत झणझणत खाली यायला लागला तशी ती हसून हसून माझ्या दंडावर गुद्दे मारायला लागली. मग मी माझं सगळ्यात लाडकं लावलं, १९३७ सालच्या 'वे आउट वेस्ट'मधला त्या दोघांचा नाच. तिचं चावणं थांबलं. फटाक्याची वात पेटवून चार पावलं मागे सरल्यावर पोरं बघतात ना, तशी ती डोळे बारीक करून बघत राहिली. नाच संपला, दोघं दारूच्या गुत्त्याच्या फडफडत्या दारातून आत गेले. तिने माझ्याकडे पाहिलं. "पडलेच नाहीत," म्हणाली. फुसक्या निघालेल्या फटाक्याबद्दल असते तशी तक्रार होती आवाजात. वाटी टीपॉयवर ठेवून ती गच्चीवर निघून गेली.

पडलेच नाहीत. खरंच की.

हा नाच मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही. पण ते पडत नाहीत, ही गोष्ट कधी माझ्या लक्षात आली नव्हती. दोघं खेचर घेऊन त्या धुळकट गावात येतात. गुत्त्याच्या पायऱ्यांवर चार माणसं बसून गात असतात, ॲव्हलॉन बॉइज नावाची चौकडी. हे दोघं थांबून ऐकतात. आधी नुसतं ऐकणं. मग जाड्याचा पाय हलतो. मग रड्याची मान. कोणी कोणाला 'चल नाचू' म्हणत नाही, नजरेनंही नाही, आणि तरी एका क्षणी दोघं एकदम सुरू होतात. कोटाची शेपटं धरून गिरकी, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, मध्येच एकमेकांना अदबीनं झुकून केलेला नमस्कार. जाड्याचे हात पाहावेत. एवढा देह, पण बोटं अशी की पुरणपोळी लाटण्यावरून तव्यावर सोडताना आईची व्हायची, तितकी सावध आणि हलकी. रड्याचा चेहरा कानापर्यंत फाकलेला. त्यांच्या मागे रस्ता दिसतो, माणसं दिसतात, पण तो रस्ता म्हणजे मागच्या पडद्यावर फेकलेलं चित्र आहे. ती माणसं त्यांच्या गावात, हे दोघं स्टुडिओच्या फळ्यांवर. म्हणूनच की काय, कोणीही वळून बघत नाही. दोन परकी माणसं भर रस्त्यात नाचतात आणि जग आपलं चालू राहतं. मला त्यात एक प्रकारचं सुख वाटतं. कोणी टाळ्या वाजवायला नाही, कोणी हाकलायला नाही.

आणि त्या दोन मिनिटांत कोणी पडत नाही, कोणाची टोपी उडत नाही, कोणाच्या डोक्यावर काही आदळत नाही. याआधी आणि यानंतर, उरलेल्या सबंध सिनेमात, हेच दोघं नीट चालूही शकत नाहीत.

आमच्याकडे त्यांना लॉरेल-हार्डी कोणी म्हणत नसे. जाड्या आणि रड्या. हे नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघालं देव जाणे, पण ज्यानं ठेवलं त्यानं नीट बघून ठेवलं. एक जाडा म्हटल्यावर दुसऱ्याला लुकड्या, काटकुळ्या काहीही म्हणता आलं असतं. पण मराठीनं एकाचं शरीर उचललं आणि दुसऱ्याचं रडणं. शिवाय क्रमही फिरवला, हार्डी पुढे आणि लॉरेल मागे, पडद्यावर दारातून आत शिरताना ते असतात तसाच. आमच्या शाळेच्या रस्त्यानं कोणतीही दोन पोरं जोडीनं चालली की मागून हाक यायचीच, "ए जाड्या-रड्या!" त्यात एकजण जाडा असायची गरजही नसायची. जोडी असली की पुरे. रड्याचं ते रडणं, ओठ आत ओढून, केस वर ओढत, चेहऱ्याची पार सुरकुती करून, डोळ्यांत टिपूस नसताना काढलेला तो बारीक सूर, मला लहानपणी फार खरा वाटायचा. मोठी माणसं रागावल्यावर आतून अगदी तस्संच होतं. फक्त आम्हाला ते असं सगळ्यांसमोर करता यायचं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रस्त्यावर. गणपतीचे दिवस. आमच्या आळीत मंडळाच्या मांडवापुढे दोन बांबू रोवून मध्ये पांढरा पडदा ताणलेला असायचा, आणि सोळा एमएमचं मशीन टेबलावर. संध्याकाळपासून पोरं पोती, चटया, सतरंज्यांचे तुकडे टाकून जागा धरून ठेवायची. ज्यांना पुढे जागा मिळत नसे ते पडद्याच्या मागे बसत. तिथून सगळं उलटं दिसायचं, डावखुरे उजवे व्हायचे, अक्षरं आरशातली, पण हसणं तेच आणि तेवढंच. मुख्य सिनेमा लागायच्या आधी, माणसं जमेपर्यंत, एखादं छोटं रीळ लावत. त्यात हे दोघं. मशीनचा खटाखट आवाज, तापलेल्या दिव्याचा करपट वास, उजेडाच्या पट्ट्यात भिरभिरणारे पावसाळी किडे, आणि मध्येच रीळ तुटलं की पडदा पांढराफटक. लगेच शंभर हात वर, पडद्यावर सशांची, कुत्र्यांची सावली. इंग्रजी कोणालाच कळत नव्हतं. माझ्या आजीला तर मराठीही वाचता येत नसे. पण जाड्या पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पाऊल टाकणार हे तिला आमच्या आधी कळायचं आणि ती पदर तोंडाशी नेऊन "अगं बाई, गेला, गेला" म्हणायची.

पुढे मोठेपणी त्यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट कळली आणि त्या रस्त्याची आठवण एकदम दुसऱ्या बाजूनं उजळली. सेटवर गंमती रचणं आणि नंतर कापाकापी, जोडाजोड करणं या दोन्हींत रड्याचा, म्हणजे स्टॅन लॉरेलचा हात मोठा. सिनेमा तयार झाला की आधी तो साध्या प्रेक्षकांसमोर लावून बघायचे. लोक कुठे हसतात आणि किती वेळ हसतात ते टिपून घ्यायचे. मग त्या हसण्याला जागा मिळेल अशा बेतानं चित्र पुन्हा जोडायचं. जाड्याचं ते थेट आपल्याकडे बघणं, 'पाहिलंत ना काय माझ्या नशिबी आलंय' असं, ती नुसती लकब नव्हती. ती आपल्या हसण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा होती. हसू ओसरेपर्यंत तो थांबायचा. पुढचं वाक्य हशात बुडू नये म्हणून. म्हणजे हे सिनेमे अर्धे त्यांनी बनवले आणि उरलेले अर्धे बघणाऱ्यांनी तिथे बसून पुरे करायचे, असा तो करार. रस्त्यावरच्या तीनशे माणसांनी तो पाळला होता. माझ्या फोनच्या पडद्यासमोर आम्ही दोघीच होतो, आणि जाड्या माझ्याकडे बघत थांबला तेव्हा खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. इतका वेळ थांबलेला तो माणूस बघून मला अपराध्यासारखं झालं.

गाण्याकडे यायला हवं. ऑलिव्हर हार्डीचा गळा खरोखरच गोड होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहतं. १८९२ साली जॉर्जिया राज्यातल्या हार्लेम गावी जन्मलेला हा मुलगा. जन्माच्या वर्षीच बाप गेला. पुढे त्यानं स्वतःच्या नावाआधी बापाचं नाव लावून घेतलं, नॉर्व्हेलचा ऑलिव्हर नॉर्व्हेल झाला. लहानपणी गात असे. विशीच्या आत मिलेजव्हिल नावाच्या गावात सिनेमाघर निघालं, तिथे मशीन चालवायचं काम केलं. तिथे बसून पडद्यावरची माणसं बघताना त्याला वाटलं, हे तर मलाही येईल. रस्त्यावरच्या त्या मशीनमागे स्टूल घेऊन बसणारा, बिडी विझवून कानावर ठेवणारा आमच्या आळीतला माणूस मला आठवतो. स्टॅन त्याउलट नाटकवाल्यांच्या घरातला, १८९० साली इंग्लंडात अल्व्हर्स्टनला जन्मलेला. १९१० साली फ्रेड कार्नोच्या कंपनीबरोबर अमेरिकेला गेला, चॅप्लिनच्या गैरहजेरीत त्याची भूमिका करायची तयारी ठेवून. १९२७मध्ये हॅल रोचच्या स्टुडिओत दोघांची जोडी जमली, आणि लगेचच सिनेमा बोलायला लागला. मूकपटात नाव कमावलेल्या कितीकांना या आवाजानं घरी बसवलं. या दोघांना मात्र आवाज मिळाला आणि ते पुरे झाले. इंग्रज स्टॅनचा तो बावचळलेला, हळू उमटणारा स्वर, आणि दक्षिणेकडच्या जाड्याचं ते लांबवलेलं, साजूक बोलणं.

बोलपट आले तसं गाणं आलंच. आपल्याकडेही तेच झालं, बोलायला लागल्याबरोबर सिनेमा आधी गाऊ लागला. १९३०मधल्या एका छोट्या चित्रात हे दोघं हिवाळ्यात, भर बर्फात, रस्त्यावर गाऊन पोट भरणारे झालेत. रड्याकडे पायानं हवा भरायची छोटी पेटी, जाड्याकडे त्याच्याएवढंच मोठं तंतुवाद्य, आणि गाणं कसलं, तर सुखाच्या उन्हाळ्याचं. वरच्या खिडकीतून एक बाई विचारते, एका रस्त्यामागे साधारण किती सुटतात? पन्नास सेंट, म्हणतात. ती डॉलर टाकते आणि सांगते, मग दोन रस्ते पुढे जा. सगळे हसतात इथे, मीही हसते. पण त्याच्या आधीचं ते गाणं मी परत परत ऐकते, कारण त्यात दोघंही गंभीर आहेत. गाताना ते कधी थट्टा करत नाहीत. पुढे थोड्या वेळात त्या वाद्याच्या ठिकऱ्या उडणार आहेत. पण सूर लागलेला असतो तोवर ते कलावंत असतात, भिकारी नव्हे.

त्या काळात स्टुडिओवाल्यांना वाटलं, ऑपेरा आणायचा तर त्यात हे दोघं घालावेत, म्हणजे लोक येतील. १९३०मध्ये 'द रोग साँग' निघाला, रंगीत, मोठ्या गवयाला घेऊन, आणि यांना मध्ये मध्ये हसवायला आणलं. तो चित्रपट आज जवळजवळ हरवलेला आहे. आवाजाची तबकडी उरली आणि चित्राचे काही तुकडे. त्यातल्या एका तुकड्यात हे दोघं वादळात तंबू उडाल्यावर गुहेत शिरतात. गुहेत अंधार, आणि अंधारात अस्वल. म्हणजे त्यांच्या पहिल्या रंगीत चित्रातलं उरलंय काय, तर काळोख आणि त्यातली दोघांची बोलणी. नंतर १९३३चा 'फ्रा दियाव्होलो', १९३४चा 'बेब्स इन टॉयलँड', १९३६चा 'द बोहेमियन गर्ल'. सगळे संगीतिकांवरून घेतलेले. खरं सांगायचं तर त्यातल्या नायक-नायिकांची गाणी मला आता जड जातात. छाती पुढे काढून गाणारा उमदा नायक, चंद्रप्रकाश, झरोका. ती संपायची मी वाट बघते. पण 'फ्रा दियाव्होलो'मध्ये रड्या एक खेळ करतो. दोन्ही तळहात मांड्यांवर, मग एका हातानं नाक आणि दुसऱ्यानं कान, परत मांड्या, मग हात बदलून. त्याला जमतं, जाड्याला जमत नाही. जाड्या सबंध सिनेमाभर, चोरून, कोणी बघत नसताना ते जमवायचा प्रयत्न करत राहतो. मोठ्या गवयाचं गाणं मी विसरले. हे मात्र एकटी असले की अजून करून बघते.

सगळंच असं निर्मळ नाही, आणि ते लपवून मला हे लिहायचं नाही. १९३१च्या 'पार्डन अस'मध्ये दोघं तुरुंगातून पळतात आणि चेहऱ्याला काळं फासून कापूस वेचणाऱ्या काळ्या मजुरांमध्ये लपतात. तिथे संध्याकाळी जाड्या गातो, 'लेझी मून'. त्याचा आवाज सगळ्यात सुंदर लागलेला असेल तर तो तिथे. आणि रड्या त्यावर हलकासा नाचतो. मी ते पाहते तेव्हा कान एकीकडे जातात आणि डोळे दुसरीकडे. त्या शेतात खऱ्या काळ्या माणसांना बसवून, त्यांच्यासमोर काजळी फासलेला गोरा माणूस त्यांच्यासारखं गातो, आणि ती माणसं ऐकताना दिसतात. त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? 'तो काळच तसा होता' म्हणून मी सोडून देत असे. आता सोडवत नाही. पण तो सूर कानांतून काढूनही टाकता येत नाही. भाचीला ते मी दाखवलेलं नाही. दाखवेन तेव्हा तिला आधी काही सांगावं लागेल, आणि ते कसं सांगायचं हे अजून ठरत नाही.

पियानोच्या त्या चित्राकडे परत येते, कारण भाची सगळ्यात जास्त हसली ती तिथे. 'द म्युझिक बॉक्स', १९३२, छोट्या विनोदी चित्राला पहिलं ऑस्कर मिळालं ते यालाच. लॉस एंजेलिसमधला तो जिना अजून आहे, १३३ पायऱ्यांचा. पियानो वर नेतात, खाली येतो, वर नेतात, खाली येतो. शेवटी वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो की मागून गाडीचा रस्ता होता. हे ऐकून दोघं काय करतात? पियानो पुन्हा खाली आणतात, रस्त्यानं वर न्यायला! भाची इथे पालथी पडली. पण त्याच्या पुढचं बघायच्या आधीच तिनं 'दुसरं लाव' म्हटलं, म्हणून ते राहून गेलं. पुढे घरात पियानो लागतो. घराचं वाटोळं झालेलं असतं, सगळीकडे मोडलेल्या फळ्या. तो आपोआप वाजणारा पियानो. कळ दाबल्यावर वाजायला लागतो, आणि पसारा आवरता आवरता हे दोघं नाचायला लागतात. तसंच, न ठरवता. ज्या ओझ्यानं दिवसभर त्यांना चिरडलं ते ओझंच त्यांना नाचवतं. तेवढ्यात घरमालक येतो, भडकतो, कुऱ्हाड घेऊन पियानोवर तुटून पडतो. आणि पियानोतून अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू होतं. मालक कुऱ्हाड थांबवून ताठ उभा. दोघं ताठ उभे, सलाम ठोकून. गीत संपतं. कुऱ्हाड पुन्हा सुरू.

हे मी पाहिलेलं आहे. सिनेमात नव्हे, आमच्या घरात.

माझे बाबा आणि अप्पाकाका, सख्खे भाऊ. बाबा अंगानं थोराड, अप्पा किडकिडीत. वाड्याच्या वाटणीवरून बिनसलं. पुढची खोली कोणाची, जिना कोणाचा, मोरीचं पाणी कोणाच्या अंगणातून जायचं. मी तिसरीत असताना दोघांचं बोलणं थांबलं आणि ते मी कॉलेजला जाईपर्यंत थांबलेलंच होतं. वाडा एकच, चुली दोन, मध्ये विटांची भिंत. त्या आधी मात्र ते दोघं काय जोडी होती! आईच्या लग्नातलं शिसवी कपाट माडीवर चढवताना मी पाहिलंय त्यांना. वाड्याचा जिना अंधारा, दोराला धरून चढायचा. बाबा वरून ओढतायत, अप्पा खालून रेटतायत, बाबा म्हणतात "उजवीकडे", अप्पा म्हणतो "कोणाच्या उजवीकडे?", आणि कपाट वळणावर अडकून बसलेलं. "सोडू नकोस" असं बाबा म्हणाले, अप्पाला फक्त "सोड" ऐकू आलं. कपाटाच्या दाराला त्या दिवशी पडलेली चीर अजून आहे. दोघं जिन्यात बसून आधी भांडले आणि मग इतके हसले की आजी घाबरून बघायला आली.

वाटणीत सगळं विभागलं, पण गणपती एकच राहिला. तो मूळ घरचा, त्याची वाटणी करायची नाही असं आजीनं निक्षून सांगितलं होतं. त्यामुळे वर्षातले दीड दिवस भिंतीपलीकडचे लोक अलीकडे येत. दारातून आत येताना अप्पा बाबांकडे बघत नसे. पाटाच्या एका अंगाला बाबा, दुसऱ्या अंगाला अप्पा. बाबांच्या हातात झांज, अप्पाच्या हातात टाळ. आणि 'सुखकर्ता' सुरू झालं की ते दोघं एका माणसासारखे वाजवत. मी मुद्दाम बघत असे. बाबा कुठे लय किंचित ओढणार हे अप्पाला माहीत, अप्पा कुठे श्वास घेणार हे बाबांना. 'घालीन लोटांगण' येईपर्यंत लय अशी चढायची की आम्हा पोरांच्या अंगावर काटा यायचा, आणि त्या लयीत दोघं, नकळत, एकमेकांकडे वळलेले असायचे. डोळे मिटलेले, पण खांदे वळलेले. एकदा मी आईला मध्येच विचारलं, "आता बोलणार का गं ते?" आईनं माझ्या हाताला चिमटा काढला. "गप, आरती चाललीय." मंत्रपुष्पांजली झाली. अप्पानं टाळ पाटावर ठेवला, प्रसाद घेतला आणि आपल्या दारानं निघून गेला. बाबांनी झांज पुसून खोक्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी मोरीच्या पाण्यावरून पुन्हा आवाज चढले.

लहान असताना मला त्याचा फार राग यायचा. एवढं एकत्र वाजवता येतं तर बोलता का येत नाही? 'वे आउट वेस्ट'मधला तो नाच संपवून दोघं गुत्त्यात शिरतात आणि थोड्याच वेळात ज्या मुलीला खाणीचा कागद द्यायचा तिच्याऐवजी भलत्याच बाईच्या हातात देऊन बसतात. नाचानं त्यांना काडीचंही शहाणपण दिलेलं नसतं. मला वाटायचं, मग नाच कशाला होता?

आपल्या मातीतही अशी एक जोडी होती. मनोहर जनार्दन दीक्षित, हे सिन्नरचे. आणि नझीर महंमद घोरी. रणजित मूव्हीटोनच्या चित्रांत, १९३२पासून पुढे, हे दोघं जोडीनं असत. जाडे दीक्षित, सडपातळ घोरी. 'भारताचे लॉरेल-हार्डी' हेच त्यांचं बिरुद झालं. गाण्यांनी ठासून भरलेल्या त्या बोलपटांत लोक त्यांच्यासाठी थांबून राहत. फाळणीनंतर घोरी पाकिस्तानात गेले. दीक्षित १९४९मध्ये वारले. माझं आजोळ सिन्नरचं, पण तिथे कोणी त्यांचं नाव काढल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांचं एकही चित्र मला पुरतं पाहायला मिळालेलं नाही. छायाचित्रं पाहिली आहेत. एकात घोरींचा चेहरा दीक्षितांच्या खांद्यामागून डोकावतो आहे. त्या दोघांना एकत्र नाचताना बघायची मला इतकी इच्छा आहे की कधी कधी मीच मनात ते रीळ लावते, रस्त्यावरच्या पडद्यावर, मागच्या बाजूनं.

जाड्या-रड्याच्या चित्रांआधी वाजते ती धून मार्व्हिन हॅटलीची. मुळात ती त्या स्टुडिओच्या रेडिओवर तास झाल्याची खूण म्हणून वाजायची. दोन क्लॅरिनेट. एक रीतसर चालीनं, तोऱ्यात जाते, ती जाड्याची. दुसरीला दोनच सूर येतात, कोकिळेच्या घड्याळासारखे, तेही जरा बाजूला पडलेले. ती रड्याची. वेगवेगळी ऐकली तर एक गर्विष्ठ वाटेल आणि दुसरी खुळी. १९५३च्या सप्टेंबरात दोघं बोटीनं आयर्लंडमधल्या कोव बंदरात उतरले. तोवर त्यांचे दिवस सरले होते, नवीन चित्रं मिळत नव्हती, रंगभूमीवरच्या दौऱ्यांवर चाललं होतं. धक्क्यावर माणसांचा पूर लोटलेला, आणि तिथल्या मोठ्या चर्चच्या घंटा ती धून वाजवायला लागल्या. दोघं एकमेकांकडे बघून रडले. रड्याचं ते सोंगातलं रडणं नव्हे, दोघांचंही खरं. हार्डी ७ ऑगस्ट १९५७ रोजी गेला. लॉरेल तेव्हा इतका आजारी होता की अंत्यविधीलाही जाऊ शकला नाही. पुढे साडेसात वर्षं तो जगला, सांता मोनिकात एका छोट्या जागेत, टेलिफोनच्या पुस्तकात नंबर सगळ्यांसारखा छापलेला, कोणीही फोन करावा. पडद्यावर पुन्हा आला नाही. पण दोघांसाठी गंमती लिहिणं त्यानं सोडलं नाही. एकटा बसून जाड्याची वाक्यं लिहायची, मग आपली.

अप्पा गेला त्या वर्षी गणपतीत बाबांनी झांज हातात घेतली आणि आरती मध्येच थांबली. शब्द विसरले नव्हते. टाळ माझ्या चुलतभावाच्या हातात होता, आणि तो बाबा लय ओढतात तिथे ओढत नव्हता.

भाऊबीजेला संध्याकाळी भाची परत माझ्याकडे आली. "मावशी, ते पडले नाहीत ते लाव." मी या वेळी फोन बाजूला ठेवला आणि टीव्हीवर लावलं, दिवाणखान्यात, सगळे असताना. बहीण होती, तिचा नवरा होता, चुलतभाऊ त्याच्या मुलांना घेऊन आला होता. आई आरामखुर्चीत, गुडघ्यांना तेल लावून, पायांवर जुनी साडी पांघरून. खेचर आलं, चौघं गायला लागले. जाड्याचा पाय हलला. चुलतभाऊ हसला, मग त्याची मुलं हसली, आणि जाड्यानं कोटाचं शेपूट चिमटीत धरलं तेव्हा सगळी खोली हसली. मी पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होते. साडीखाली आईचा पाय ठेका धरत होता. भाची जमिनीवर बसलेली, आजीच्या खुर्चीला टेकून, अजूनही डोळे बारीक करून. तिनं मान वर केली.

"आजी, आता तरी पडतील का?"

आईनं टीव्हीवरची नजर काढली नाही. हात तेवढा तिच्या डोक्यावर ठेवला.

"गप गं. गाणं चाललंय."